हृदयाच्या नसांमधला गॅस आणि वडिलांची आर्जिनिन पावडर

तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय आणि कुणीतरी 'हार्टच्या नसा नायट्रिक ऑक्साइड गॅसवर चालतात' म्हणून त्यांना आर्जिनिनची (प्रोटीनमधलं एक अमिनो अ‍ॅसिड) पावडर आणून दिलीय, आणि आई म्हणते आधीच पोटात गॅस, त्यात हा अजून कशाला. मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईंचं. पोटातल्या गॅसचा याच्याशी काहीही संबंध नाही. आणि छातीत दुखायला लागलं की 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन बसायचं हे आपल्याकडे घरोघरी चालतं, वडिलांच्या बाबतीत ते अजिबात नको, सरळ ईसीजी काढायचा.

आता नसांचं. इथे नसा म्हणजे रक्तवाहिन्या नाहीत, निरोप नेणाऱ्या नर्व्ह. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या मागच्या बाजूला चरबीत हजारो नर्व्ह सेल्सचे छोटे छोटे पुंजके असतात, मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हचा निरोप तिथूनच पुढे जातो. व्हेगस म्हणजे हृदयाचा ब्रेक. नसा तुटलेलं, ट्रान्सप्लांट केलेलं हृदय बसल्या जागी ९०-१००च्या आसपास धडधडतं, आपलं ७०वर राहतं ते मुख्यतः या ब्रेकमुळे.

यातल्या काही सेल्स आर्जिनिनपासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवतात. निरोप देणारी बाकीची केमिकल्स सेलमधल्या बारीक पिशव्यांमध्ये साठवून ठेवलेली असतात, हा गॅस मात्र साठवताच येत नाही, सेलमध्ये कॅल्शियम शिरलं की तिथल्या तिथे बनतो, पडद्यातून आरपार शेजारी जातो आणि काही सेकंदांत संपतो. आणि मला दरवर्षी शिकवताना नव्याने भारी वाटतं ते पुढेच आहे. व्हेगसच्या टोकाशी तो सायक्लिक जीएमपी (सेलच्या आतला एक निरोप्या) वाढवतो, त्याने सायक्लिक एएमपी (तसाच दुसरा निरोप्या) मोडणारं पीडीई-३ हे एन्झाइम दबतं, एएमपी वाढतं, कॅल्शियम जास्त आत येतं आणि ब्रेक लावणारं केमिकल अ‍ॅसिटाइलकोलीन जास्त सुटतं, म्हणजे ब्रेक जोरात. सिंपथेटिक नसेत म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या टोकाशी तोच जीएमपी एएमपी मोडणाऱ्याच पीडीई-२ला चालना देतो, एएमपी घटतं, वेग वाढवणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन कमी सुटतं. गॅस एकच, दोन नसांत उलटे परिणाम, पण हृदयासाठी दोन्हीचा अर्थ एकच: सावकाश. ऑक्सफर्डच्या डेव्हिड पॅटरसन यांच्या लॅबने यावर बरंच काम केलंय, बहुतेक गिनीपिग आणि उंदरांवर.

कार्बन मोनॉक्साइड (बंद खोलीतल्या शेगडीचा तोच) आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हेही शरीर अगदी थोड्या प्रमाणात बनवतं आणि नर्व्ह सेल्स सिग्नलसाठी वापरतात.

मग पावडर का नको? कारण निरोप जातो तो नेमक्या जागी, नेमक्या क्षणी बनलेल्या गॅसने, पोटातून आर्जिनिन ओतून ती नेमकी वेळ साधता येत नाही. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर ट्रायल झाली होती, २००६ साली छापून आली. आर्जिनिनवाल्यांत ६ मृत्यू, औषध नसलेली नकली गोळी (प्लेसिबो) घेणाऱ्यांत एकही नाही, फायदा काही दिसला नाही, ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आकडे लहान आहेत, पण स्टेंट बसलेल्या माणसाला मी ती पावडर देणार नाही.

जिभेखालची सॉर्बिट्रेट वेगळी, तीही शेवटी नायट्रिक ऑक्साइडच देते पण रक्तवाहिन्या सैल करायला, ती डॉक्टरांनी सांगितलीय तशीच चालू ठेवा. फक्त तिच्यासोबत व्हायग्रासारखी गोळी कधीच नाही, बीपी धोकादायक खाली जातं. वडिलांना हे विचारायला तुम्हाला अवघड वाटेल, तर त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारायला सांगा, पावडरचा डबाही तेव्हा सोबत न्या.