जुना डेस्कटॉप भंगारात द्यावा का?

प्रश्न : २०१४ साली घेतलेला आय-थ्री डेस्कटॉप (४ जीबी रॅम, विंडोज १०) सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. भंगारात देऊ का? – एक निवृत्त वाचक, दादर

उत्तर : मुळीच देऊ नका! अडतंय ते जुन्या हार्ड डिस्कपाशी. लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणा, फरक लगेच कळेल. विंडोज १०चा नियमित सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, फुकट आहे. आईच्या मशीनवर मी तेच टाकलंय. ती त्यावर भजनं ऐकते, लाइटबिलही भरते. कॅबिनेट उघडाल तेव्हा मदरबोर्डवरचे कपॅसिटर (मुख्य सर्किट बोर्डावरचे छोट्या डब्यांसारखे भाग) मात्र बघा. डोक्यावर फुगलेले दिसले, तर त्या मशीनवर एक पैसाही घालू नका.