रोजच्या जगण्यात देवावर भरवसा ठेवून त्याची आज्ञा पाळायची म्हणजे नक्की काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सांगलीत खासगी नोकरी करता, रविवारची उपासना चुकवत नाही. 'देवावर भरवसा ठेवा, त्याची आज्ञा पाळा' हे दर आठवड्याला ऐकता, पण सोमवारी कामावर जाताना त्याचं काय करायचं ते कळत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं अशी देवाची इच्छा आहे का, हे कळावं म्हणून बरेच दिवस प्रार्थना करताय, उत्तर येत नाही. आणि अगदी शेवटी, कंसात, थोरल्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे असंही लिहिलंय.

मी त्या कंसापासूनच सुरुवात करतो. कारण देवाची इच्छा कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण त्या एका बाबतीत ती तुम्हाला कळलेली आहे.

बायबलमध्ये मत्तय 5:23-24 काढून पुन्हा वाचा. तिथं येशू सांगतो: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. चूक कुणाची, याची चौकशी त्या वचनात नाही. आणि हे ऐकणाऱ्यांत गालीलातले लोक होते. वेदी यरुशलेमेत, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे अर्पण ठेवून माघारी जायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. एवढा खटाटोप प्रभूला मोलाचा वाटतो. तुमचा दादा त्या मानाने जवळ आहे.

समेट म्हणजे हक्क सोडून देणं असं मात्र समजू नका. भूमी अभिलेख कार्यालयात दोघांच्या संमतीने मोजणीचा अर्ज करता येतो. 'दादा, एकदा मोजणी करून घेऊ, फी निम्मी निम्मी भरू, निघेल ते दोघांनी मानायचं' एवढं बोलायला जा. जाताना पाळकांना किंवा गावच्या पुढाऱ्यांना बरोबर घेऊ नका, एकटे जा. वहिनींनी चहा ठेवला तर घ्या. दादा बोललेच नाहीत तरी तुम्ही आज्ञा पाळलेली असेल.

आता नोकरीबद्दल. लूकच्या तिसऱ्या अध्यायात यार्देनेकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे लोक येऊन विचारतात, आम्ही काय करावं? त्यांत जकातदार आहेत, शिपाई आहेत. रोमी अमलातली जकात म्हणजे वरकमाईचा धंदा, लोक या माणसांचा द्वेष करायचे. योहान त्यांना नाका सोडा, वैराग्य घ्या असं सांगेल अशी आपली अपेक्षा असते. तो एवढंच सांगतो: ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो: धाकदपटशाने कुणाचं काही लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. ही उत्तरं मला फार थोर वाटतात, कारण यातली प्रत्येक आज्ञा पाळायला भरवसा लागतो. वरचे पैसे घेतले नाहीत तर घर कसं चालेल, या प्रश्नाला योहानाने तिथं काही उत्तर दिलेलं नाही. ते देवावर सोडूनच दुसऱ्या दिवशी नाक्यावर बसायचं होतं.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, त्यामुळे हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. सौद्यांचे दिवस होते. संध्याकाळी तोलाईची वही आणि पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेले विक्रीचे हिशेब, ताळा करत बसलो होतो. जत भागातल्या एका शेतकऱ्याची वहीत तेवीस पोती, पट्टीत बावीस. पट्टी नव्या पोराने केलेली. शेतकरी दुपारीच पैसे घेऊन गेला होता, त्याला काही कळणारही नव्हतं. त्या आठवड्यात मालकांचे पैसे दोन व्यापाऱ्यांकडे अडकलेले, त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. वही घेऊन उठताना माझे हात गार पडले होते, हे मला चांगलं आठवतं. भरवसा असला की भीती वाटत नाही असं कुणी सांगत असेल तर ते पूर्ण खरं नाही. मी मनात 'प्रभू, तूच बघ' एवढं म्हटलं आणि गादीपाशी जाऊन वही उघडून ठेवली. मालकांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'लावा फोन.' पलीकडून शेतकरी म्हणतो कसा, 'आता आणि कशाचे कापताय?' पैसे द्यायला फोन केलाय हे त्याला पटेपर्यंत मला तीनदा सांगावं लागलं.

त्यानंतर काही विशेष घडलं नाही. पगार वाढला नाही, मालकांनी पाठ थोपटली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडच्या साक्षींमध्ये आज्ञा पाळली की लगेच आशीर्वाद आल्याचंच ऐकायला मिळतं आणि माझ्यासारख्याला आपलं काही चुकलं की काय असं वाटायला लागतं. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात मूर्तीला नमला नाहीत तर भट्टीत टाकीन असं राजा म्हणतो, तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्यांच्या भरवशाचा जीव त्या 'नाही सोडवलं तरी'मध्ये आहे. माझ्यात फरक पडला तो एवढाच की पुढच्या वेळी अशी वही घेऊन उठताना हात तेवढे गार पडले नाहीत. भरवसा वाढतो तो असा, आज्ञा पाळता पाळता. आधी तो पुरेसा साठेल आणि मग आपण आज्ञा पाळायला लागू, अशी वाट बघत बसलेली माणसं तशीच बसून राहिलेली मी पाहिली आहेत.

भरवशाच्या नावाखाली हातपाय गाळून बसायचं, हीही एक चूक दिसते. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा 'देव राखील, आम्ही घर सोडणार नाही' म्हणणारे विश्वासू लोकही होते. त्यांची मनं खरी होती. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असं सैतानाने सांगितलं तेव्हा प्रभूने देवाची परीक्षा पाहू नको असं उत्तर दिलं होतं. पाण्याची पातळी बघून म्हातारी माणसं आधी हलवणं, शेजाऱ्याची पोती वर चढवायला हात लावणं, हेही आज्ञापालनच.

खुणा मागण्याबद्दल तुम्ही विचारलंय. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं, हे करू नका. इस्राएलाचा पुढारी गिदोन याने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती हे सगळे सांगतात, पण शास्ते 6:36 नीट वाचा. देवाने काय सांगितलंय ते त्याला आधीच माहीत होतं, तसं तो स्वतःच बोलून दाखवतो. देवाने त्याच्या दुबळेपणाला धीर दिला, ही देवाची दया. त्याची पद्धत बनवायचं कारण नाही.

राहिला पूर्णवेळ सेवेचा प्रश्न. आपल्याकडे अशा वेळी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव हमखास निघतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पुढे दोनच वर्षांत, 1919 मध्ये ते वारले. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या मागे वीस-बावीस वर्षांची ख्रिस्ती सेवा होती, हे विसरून फक्त राजीनाम्याची गोष्ट सांगितली जाते. आणि अशा निर्णयाचा भार घरातल्या बाईवर किती पडतो, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. तुमचं लग्न झालं असेल तर बायकोला पटल्याशिवाय एक पाऊल टाकू नका.

तोवर घरावर कर्ज असेल ते फेडत राहा. घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार तारखेला द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नको असं लेवीय 19:13 मध्ये स्पष्ट आहे. मंडळीत संडेस्कूलला शिक्षक कमी असतीलच, तिथं मुलांना शिकवायला लागा, दवाखान्यात पडलेल्यांना भेटायला जा. हे दीड-दोन वर्षं करा. पाळक आणि मंडळीतली वडीलधारी माणसं तुम्हाला काम करताना बघतील, मग त्यांना विचारा. ओढ तेव्हाही एवढीच असली आणि त्यांनाही ती दिसली, तर सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, अर्ज भरायला हरकत नाही. नाही दिसली, तर नोकरी आहेच, आणि शिकवायला मुलंही आहेत.