राष्ट्रीय फुटबॉल संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी प्रतिस्पर्धी कसा निवडतात?

तुम्ही विचारलंय की हे सामने फिफा लावून देते का, आणि भारत नेहमी छोट्या-मध्यम संघांशीच का खेळतो. फिफा फक्त तारखांच्या खिडक्या ठरवून देते. त्या दिवसांत क्लबांना देशाच्या संघासाठी खेळाडू सोडावेच लागतात. कोणाशी खेळायचं हे दोन्ही देशांच्या संघटना आपसात बोलून ठरवतात, कधी मध्ये एजंट असतो.

मी वणी तालुक्यातल्या एका गावात शाळेचा पीटी सर आहे, सतरा वर्षांखालच्या पोरांचा संघ सांभाळतो. आमच्याकडे प्रॅक्टिस मॅच ठरवताना पहिला प्रश्न एकच असतो: पुढं खरी गाठ कोणाशी आहे? मोठे संघही तिथूनच सुरुवात करतात. २०१४ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या गटात उरुग्वे, इटली आणि कोस्टा रिका होते, पहिला सामना ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या जंगलातल्या मानाउसच्या दमट उकाड्यात. म्हणून ते आधी मायामीला गेले आणि तिथल्या उन्हात इक्वेडोर आणि होंडुरासशी खेळले. एक उरुग्वेसारखा दक्षिण अमेरिकेतला, दुसरा कोस्टा रिकाच्या शेजारच्या भागातला. भारतानंही तेच केलं. २०१९ च्या आशिया चषकात गटात यूएई आणि बहरीन होते, म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये अबूधाबीत त्यांच्याच भागातल्या ओमानशी सामना घेतला. तो ०-० सुटला आणि स्पर्धेत पहिल्याच सामन्यात थायलंडला ४-१ नं हरवलं. (पुढं यूएई आणि बहरीनशी हरलो, म्हणजे तयारीनं सगळंच जमतं असंही नाही.)

आता मोठे संघ आपल्याशी का खेळत नाहीत ते बघा. २०१८ पासून फिफाच्या जागतिक क्रमवारीचं गणित बदललंय. समजा समोरचा संघ आपल्यापेक्षा २४० गुणांनी वर आहे आणि सामना खिडकीत झाला. आपण हरलो तर साधारण २.८५ गुण जातात, बरोबरीत सुटला तर २.१५ मिळतात, जिंकलो तर ७.१५. त्यांचं बरोबर उलटं: जिंकून २.८५ मिळणार, हरले तर ७.१५ जाणार. त्यांनी कशासाठी यावं? त्यात २०१८ पासून युरोपचे संघ नेशन्स लीग या आपसातल्या स्पर्धेत गुंतले, मोकळ्या तारखाच कमी उरल्या. जुन्या पद्धतीत तर मैत्रीपूर्ण सामन्याला कमी गुण असल्यानं सरासरी घसरायची, म्हणून तो खेळणंच बरेचदा तोट्याचं ठरायचं. पोलंड जवळपास वर्षभर एकही खेळला नाही आणि २०१८ च्या विश्वचषकाचे गट पाडायच्या सोडतीत पहिल्या, म्हणजे क्रमवारीत वरच्या संघांच्या गठ्ठ्यात जाऊन बसला.

पैसा हाही भाग आहेच. २ सप्टेंबर २०११ ला कोलकात्यात मेस्सीचा अर्जेंटिना व्हेनेझुएलाशी खेळला. दोघांचंही घर तिथं नव्हतं, पण स्टेडियम भरणारे प्रेक्षक होते.

तरी माझं मत स्पष्ट आहे: वरचढ संघ मिळत असेल तर भारतानं हरण्याची पर्वा न करता खेळावं. तीनेक गुण जातील, पण आपला बचाव कुठं फाटतो ते सोप्या संघाविरुद्ध कधीच दिसत नाही.

हे मी पोरांकडं बघून सांगतोय. यंदा तालुक्याला आमची गाठ खाणवस्तीतल्या शाळेशी पडणार होती. अंगानं दणकट पोरं, लांब बॉल टाकून धावतात. तसाच खेळणारा एक संघ वर्धा नदीपलीकडं आहे. तारीख मिळेना, कारण डवरण-निंदण सुरू असलं की आमची अर्धी पोरं वावरात असतात. शेवटी पोळ्याआधीचा रविवार ठरला. त्यांच्या सरांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या, जेवणाचं काय आणि टेम्पोचं डिझेल कोण देणार. वरण-भात आमचा, डिझेल अर्धं-अर्धं.

मैदानावर काळी माती ओली होती, बुटाला ढेकळं चिकटत होती. आम्ही ०-४ नं हरलो. चारही गोल एकाच जागेतून, आमच्या डाव्या बॅकच्या डोक्यावरून. पोरगं टेम्पो गेल्यावर माझ्याजवळ आलं, "सर, बॉल वरून येते तं मी पुढंच पाहतो जी, मागं पोट्टा उभा हाये ते दिसतच नाही." दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज तीस लांब बॉल टाकले, आधी मान वळवून मागं बघायला लावलं. पोळा झाल्यावर त्याच संघाला परत बोलावलं. तेव्हा ०-१ झालं.