वॉरंटी संपलेली गाडी सर्व्हिसिंगला शोरूममध्ये द्यावी की बाहेरच्या गॅरेजमध्ये?

वॉरंटी संपली असेल तर ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड अशा नेहमीच्या कामांना बाहेरचं चांगलं गॅरेजच बरं. मी स्वतः ही कामं रोज करतो; त्यात फक्त शोरूमलाच जमेल असं काही नसतं, शिवाय गाडीला हात लावणाऱ्या मेकॅनिकशीच थेट बोलता येतं. ऑइलचा ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये बघून जा. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच, आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला लावा. जुना फिल्टर मागून घ्या, म्हणजे तो बदलला की नुसता पुसून परत लावला ते तिथेच कळतं. एअरबॅग, ईसीयूचं (गाडीतल्या इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर किंवा रिकॉलचं (दोष आढळल्यामुळे कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचं) काम असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा. रिकॉलची दुरुस्ती तिथे सहसा मोफत होते.