अल्टिकोला की डिस्कोडॅक्टिलस? आधी नकाशावरचे ठिपके तपासा

युगांडातल्या ब्विंडी जंगलातल्या रीड फ्रॉग या छोट्या बेडकाला जुन्या यादीत हायपरोलियस अल्टिकोला म्हटलंय, नव्या यादीत डिस्कोडॅक्टिलस, आणि दोघांचे नकाशे काही जुळत नाहीत, ही तुमची अडचण वाचून राहवलं नाही. मीही यातच अडकले होते. (मी वर्गीकरणतज्ज्ञ नाही, प्रसाराचे नकाशे करते, तेवढं धरून वाचा.)

नावाचं चटकन मिटतं. दोन्ही नावं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल यांनी १९३१ साली दिली, तीही मोजक्या नमुन्यांवरून. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचा रंग उडतो, त्यात या कुळात एकाच जातीचे रंगही सारखे नसतात. २०१४ मध्ये लीट्के आणि सहकाऱ्यांनी जुने-नवे नमुने आणि डीएनए पडताळून दोन्ही एकच जात ठरवली. नाव डिस्कोडॅक्टिलस राहिलं.

खरा जीव खाल्ला तो ठिपक्यांनी, म्हणजे बेडूक सापडल्याच्या नकाशावरच्या जागांनी. एका संग्रहालयाने दिलेल्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दशांशाच्या सहा घरांपर्यंत. नकाशावर टाकले तर काही ठिपके थेट एडवर्ड सरोवराच्या पाण्यात, समुद्रसपाटीपासून ९१२ मीटरवर! डोंगरी जंगलातला बेडूक तिथे कुठून येणार? जुन्या छापील यादीत पाहिलं तर मूळ नोंद नुसती 'सरोवराच्या पश्चिमेला' अशी. कुणीतरी सरोवराचा मध्यबिंदू टाकून मोकळं झालं होतं. संग्रहालयाकडे नमुन्याच्या लेबलचा फोटो मागितला की दर वेळी एकच उत्तर, 'माहिती ऑनलाइन उपलब्ध आहे'. अहो, तीच चुकली आहे म्हणून तर विचारतेय! तोवर त्या ठिपक्यांवर बेतलेलं अधिवासाचं सगळं मॉडेल मला टाकून द्यावं लागलं. दुरुस्ती अजून झालेली नाही, याचा आजही संताप होतो.

म्हणून सांगते, प्रत्येक ठिपक्याची उंची बघा. न पटणारा बाजूला काढा. जुन्या जर्मन लेबलवरचं 'रुगेगे' म्हणजे रवांडातलं आजचं न्युंग्वे. युगांडा-काँगो सीमेवरच्या रुवेन्झोरी डोंगररांगेचा 'पश्चिम' भाग म्हणजे काँगोची बाजू, तो युगांडात टाकू नका. नावं एकत्र करा, पण मूळ नोंदीतलं नाव आणि लेबलचा मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. 'साफसफाई' म्हणून तो रकाना उडवणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

आणि फोटो काढताना बोटांच्या टोकाच्या चकत्या, पोट, मांडीची आतली बाजू घ्याच. त्याच डोंगरांत हायपरोलियस कॅस्टेनियस हा दुसरा रीड फ्रॉगही असतो, नुसत्या पाठीच्या फोटोवरून कुणी छातीठोक नाव सांगितलं तर मी तरी मानणार नाही. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाण्याआधी बूट निर्जंतुक करा, बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी चिखलातूनही पसरते.