ठरावात 'दिन' हा शब्द घालू नका (ओसाका पॅव्हिलियन)

ताई, तुमची पोस्ट वाचून मला २०१० आठवलं. तुमची लेक ओसाका एक्स्पोत (जागतिक प्रदर्शनात) अमेरिकेच्या पॅव्हिलियनवर, म्हणजे दालनात, युथ अ‍ॅम्बेसेडर होती, म्हणून १३ ऑक्टोबर हा 'पॅव्हिलियन दिन' ठरवणारा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) यावा यासाठी तुमचं मंडळ धडपडतंय. आणि काँग्रेसमनचं (तुमच्या भागाच्या प्रतिनिधीचं) ऑफिस नुसतं 'बघतो' म्हणतंय. २०१० मध्ये माझी भाची शांघाय एक्स्पोत अमेरिकेच्या पॅव्हिलियनवर होती आणि आम्हीही नेमका असाच 'दिन' मागितला होता.

तीच चूक झाली. एखादा दिवस, आठवडा किंवा महिना ठरवून गौरव करणारा ठराव काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात मांडताच येत नाही. १९९५ पासूनचा नियम आहे, बाराव्या नियमाचं पाचवं कलम. आमच्या मसुद्याच्या पहिल्याच ओळीत 'दिन' होता. ज्या ऑफिसात तो दिला (नाव घेत नाही) तिथल्या माणसानं कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली, 'छान आहे' म्हणाला आणि फाइलमध्ये ठेवला. एका वाक्यात सांगता आलं असतं. दर सोमवारी माझा फोन, दर वेळी 'वर पाठवलंय'. असे तीन महिने गेले. ३१ ऑक्टोबरला एक्स्पो संपला आणि जानेवारीत नवी काँग्रेस आली. तोवर मांडलेलंसुद्धा सगळं तिथं रद्द होतं, आमचं तर मांडलंच नव्हतं. भाचीला काय सांगायचं हा प्रश्न मला आजही टोचतो.

मी वकील नाही, त्यामुळे मसुदा कुणा जाणकाराला दाखवाच. पण माझं मत ठाम आहे: 'दिन' काढा. पॅव्हिलियनचं आणि तिथे राबलेल्या मुलांचं कौतुक, एवढंच ठेवा. 'अमुक दिनाला पाठिंबा' असं लिहून काही जण वाट काढतात, पण मी त्या भानगडीत पडणार नाही. दिवसच हवा असेल तर सिनेटरकडे, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाच्या सदस्याकडे जा. सिनेटला हा नियम लागू नाही, तिथे असे ठराव एकमतानं झटकन होतात.

मसुद्यात पैशाचा शब्दही नको. एका सभागृहाचा साधा ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्यातून छदाम मिळत नाही. पॅव्हिलियनसाठी संसदेनं खास मंजूर केल्याखेरीज परराष्ट्र खात्यानं खर्च करू नये, असा कायदा १९९९ मध्ये झाला. शांघायचे सहा कोटी डॉलर म्हणूनच कंपन्यांकडून गोळा करावे लागले, आणि दुबईच्या वेळी तर यजमान अमिरातीनं पैसे दिले. अमेरिकेसारख्या देशानं पॅव्हिलियनसाठी असं दुसऱ्यांच्या दारी जावं, हे मला अजिबात पटत नाही. पण तो राग तुमच्या ठरावात नको.

आणखी एक. ठराव अडला तर काँग्रेसमनना 'काँग्रेशनल रेकॉर्ड'मध्ये (काँग्रेसच्या कामकाजाच्या अधिकृत छापील नोंदीत) निवेदन छापायला सांगा. त्याला मतदान लागत नाही, समिती लागत नाही, लेकीचं नाव कायमचं छापलं जातं. राज्याच्या विधिमंडळाचा गौरव ठरावही तुलनेनं सोपा, आणि त्याची प्रत फ्रेम करून घेता येते. आम्ही शेवटी तेच केलं. ऑगस्टमध्ये मात्र फोन करू नका, सुट्टी असते.

मसुद्याची पहिली दोन वाक्यं इथे टाका, मी आज रात्री बघतो.