बाबांना पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागतो, मऊ भात मात्र जातो. असं का? (इंदूर)

उलटं वाटतं, पण पक्षाघातानंतर हे बऱ्याचदा दिसतं. पाणी घशातून वेगाने उतरतं. श्वासनलिकेचं तोंड मिटायला क्षणभर उशीर झाला की थेंब तिकडे जातात. मऊ भात सावकाश सरकतो, म्हणून निभावतो. फक्त घन पदार्थ छातीत अडकत असते, तर आधी अन्ननलिकेकडे, म्हणजे एंडोस्कोपीकडे (दुर्बिणीने आतून तपासणी) वळावं लागलं असतं.

ठसका लागतोय हे एका अर्थी बरंच. काहींच्या फुफ्फुसात अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. त्यामुळे जेवल्यावर आवाज घरघरतो का, अधूनमधून ताप येतो का, हे बघा.

एम.वाय. (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा सोयीच्या रुग्णालयात न्यूरॉलॉजी अथवा कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि गिळण्यावर काम करणारा स्पीच थेरपिस्ट आहे का, हे मुद्दाम विचारा. बोलण्याची तक्रार नसली तरी हे काम त्यांचंच. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास गिळताना एक्स-रेवर बघतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालतात.

तोवर ताठ बसवून छोटे घोट द्या, जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, दात-जीभ स्वच्छ ठेवा. पोह्यांवरची शेव बंद (इंदूरकराला जड जाईल, पण तो भुगा घशात विखुरतो). पाणी दाट करायची पावडर मिळते, मात्र प्रमाण थेरपिस्टनेच ठरवावं. दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस कमी पितो आणि शरीरातलं पाणी घटतं. हनुवटी खाली घेऊन गिळणंही सगळ्यांना चालत नाही.

ताप आणि धाप एकत्र आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.